न भिजवलेल्या शिंपल्या

सत्तावीस. त्यांतल्या दोन फुटक्या, एक नुसतीच चिखलानं भरलेली. उरल्या चोवीस. लोसानं त्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या ट्रेमध्ये ओळीनं मांडल्या आणि मान वर केली.

“आत्या, या भिजवल्या नाहीस?”

“नाही.”

वासिती वयात आल्यापासून नदीत बुड्या मारून शिंपल्या काढत होती. विकायला नेण्याआधी त्या स्वच्छ पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू ओकून टाकतात, हे वुनिनिऊ गावातल्या पोरीसोरींनाही ठाऊक होतं. पण वासितीच्या शिंपल्यांत कधी दाताखाली कणसुद्धा यायचा नाही. बाजारात तिच्या शेजारी भाजी विकणारी सुरुजमती गिऱ्हाइकांना ओरडून सांगायची, “घ्या, घ्या! माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त आंघोळी झाल्यात हिच्या शिंपल्यांच्या!”

“तुला मळासकट पाहिजेत ना?” वासिती म्हणाली. “मळासकट आणल्या.”

“बरं केलंस. पण नेहमीच्या जागेवरच्याच आहेत ना? तुझ्या केलीनं खाल्ल्या तिथल्याच हव्यात.”

“तिथल्याच.”

खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

इसिकेलीला, म्हणजे केलीला, तिच्या मुलाला, मालवाहू जहाजावर नोकरी मिळाली होती. निघण्याआधी लघवी तपासली, तर त्यात आइस, ते नशेचं द्रव्य, सापडलं. ते ओढून आजवर गावातली तीन पोरं वाया गेली होती. तपासणीचा कागद तिच्यापुढे टाकून केली म्हणाला होता, “मी हात नाही लावला, आई. अख्ख्या शहराचं मूत गटारातून नदीत येतं. शिंपल्या तेच पितात, आणि आपण शिंपल्या खातो. विचार तुझ्या शहाण्या भाचीला!”

तो भराभर बोलत होता. बोलून झाल्यावरही त्याचा जबडा हलतच राहिला, तोंडात काही नसताना चघळत असल्यासारखा. कागदापेक्षा त्या जबड्याला वासिती घाबरली होती.

लोसा विद्यापीठात गटाराचं पाणी तपासायची. आइस नाल्यातून थोडं नदीतही उतरतं, हे नाताळच्या जेवणात तीच बोलली होती. तिनं लिहून दिलं तर जहाजवाले ऐकतील, एवढ्याच आशेवर वासिती इथे आली होती.

“त्या दिवशी केलीनं किती खाल्ल्या?” लोसानं विचारलं.

“वाडगाभर. नारळाच्या दुधातल्या.”

वाडगा त्यानं हातानं लोटून दिला होता. गेले दोन महिने तो धड जेवतच नव्हता. त्या शिंपल्या वासितीनंच संपवल्या होत्या.

“आत्या, आधीच सांगून ठेवते,” लोसा खुर्ची ओढून जवळ बसली. “केलीच्या लघवीत दर मिलिलिटरला तीन हजार शंभर नॅनोग्रॅम निघालंय. नॅनोग्रॅम म्हणजे अगदीच कण, ग्रॅमचा अब्जावा भाग. पण हे शिंपल्यांमुळे झालं असेल, तर यांच्या दर ग्रॅम मांसात पन्नास हजार तरी निघायला हवं.”

“निघेल. तू बघ तर.”

“आणि निघालं, तर या नदीची शिंपली कुणी तोंडात घालणार नाही. तू खाणार काय?”

“खाईन काहीतरी.”

“आत्या, तू काय मागतेयस ते कळतंय का तुला?”

“कळतंय. तू मोज, बाई.”

त्या सकाळी वासिती नेहमीच्या जागेकडे फिरकलीच नव्हती. वरच्या वळणाशी, जिथे शहराच्या गटाराचा पाइप नदीत उघडतो, तिथे ती जन्मात पहिल्यांदा उतरली. पाणी कोमट होतं. तळ पायाला साबणासारखा लागला. श्वास रोखून चिखल चाचपताना तिनं देवाकडे मागितलं, पाणी घाण असू दे, जेवढं असेल तेवढं घाण असू दे. वर आल्यावर तिनं तीनदा चूळ भरली. मग ध्यानात आलं, चूळ भरली तीही त्याच पाण्यानं.

आठवड्यानं फोन आला तेव्हा ती मागच्या दारी बाजाराच्या शिंपल्या भिजवत होती. आत केलीच्या येरझारा चालल्या होत्या. फळी करकरायची, थांबायची, पुन्हा करकरायची. तिनं ओल्या हातानंच फोन कानाला लावला.

“आत्या, तीन वेळा मोजलं मी. पण आधी खरं सांग, कुठून काढल्या होत्यास?”

आतली फळी थांबली.

“गटाराच्या तोंडाशी,” वासिती हळूच म्हणाली.

“पन्नास हजार निघायला हवं होतं, आत्या,” लोसा म्हणाली. मग तिनं कागदावरचा आकडा वाचला.

“ग्रॅममागे दोन पूर्णांक सहा नॅनोग्रॅम.”