पाण्याला सांगितलेलं नाव

कमळा जिच्यावर जन्मभर जळली, ती सात वर्षांची पोर होती, आणि तीही पन्नास वर्षांपूर्वी खाडीत बुडालेली. जित्या माणसाचा हेवा करणं सोपं. ते कधी ना कधी चुकतं, सुटतं, भांडतं. थोरली बहीण गंगा मात्र सातचीच राहिली, आणि आईच्या, सोनूबाईच्या, तोंडी तिचा एक दोष कधी आला नाही. पहिलं घावन गंगेच्या नावाने बाजूला निघायचं. कमळाच्या ताटात यायचं ते शेवटचं, करपलेलं.

आता सोनूबाई चौऱ्याऐंशीची. रत्नागिरीतल्या दोन खोल्यांत कमळाच तिला न्हाऊमाखू घालायची. म्हातारीच्या डोक्यात माणसांची अदलाबदल सुरू झाली होती. एका सकाळी पेज भरवून घेताना ती म्हणाली, "गंगे, तू जेवलीस काय गो?"

"मी कमळा, आये."

म्हातारीने तोंड फिरवलं. पेज तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कमळाने विचार केला, मेलेलीला काय कळतंय? "जेवले, आये," ती म्हणाली. सोनूबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. चोपन्न वर्षांत पहिल्यांदा.

मग चटकच लागली. कमळा दोन्ही वेळा गंगा होऊ लागली. बहिणीचं सगळं लुबाडून झालं, एकच राहिलं: स्वतःबद्दल आईच्या तोंडून ऐकायचं. एका दुपारी तिने लाडात येऊन विचारलं, "आये, कमळी तुला आवडायची काय गो?"

सोनूबाई दबक्या आवाजात म्हणाली, "तिचं नाव काढू नको. पाणी ऐकतं."

"म्हणजे?"

"असं काय करतंस? धक्क्यावर तुझ्याच हातातून सुटली ना ती? देवरुषी म्हणाला, पाण्याला गंगा हवी होती, चुकून धाकटी गेली. परत येईल न्यायला. म्हणून पाण्याला सांगितलं, गंगाच गेली. रडलो ते तुझ्या नावाने, नि तुला कमळी म्हणायला लागलो. मंडणगडकडचं गाव सोडलं ते त्यासाठीच."

"तुझं डोकं फिरलंय, आये."

"फिरू दे. तू कुणाला सांगू नको म्हणजे झालं."

हिला सकाळचं आठवत नाही, हिचं काय धरायचं, असं पुटपुटत कमळा मोरीत भांडी घासायला बसली. पण त्या दिवसाचं तिलाही थोडं आठवत होतं. शेवाळलेला धक्का, हातात हात. ताईने माझा हात धरला होता, असं ती आजवर सांगत आली होती. आता डोळे मिटून तिने तो हात पुन्हा चाचपला. इवलासा होता, तिच्या मुठीत पुरता मावत होता. चार वर्षांच्या पोरीच्या मुठीत सात वर्षांच्या पोरीचा हात मावेल कसा? शाळेतही ती स्वतः वर्गात सगळ्यांत उंच होती.

आणि तो हात निसटला नव्हता. धाकटी सदा आईच्या कडेवर, आपण मात्र चालायचं, या रागाने तिनेच मूठ उघडली होती. की हे तिने आत्ताच, राखेने पातेलं घासता घासता, रचलं?

"कोण आहे गो तिकडे?" आतून हाक आली.

कमळा हात न पुसताच आत गेली. "मी गंगा," ती म्हणाली.

"ये. आणि मोरीतल्या त्या पोरीलाही बोलाव. केव्हाची ओली बसलीय."

"तिथे कुणी नाही, आये," ती म्हणाली, आणि आईचा हात ओढून स्वतःच्या गालावर घट्ट दाबून धरला.