चालून दाखव, पोरी

सायली गावातल्या कामगार चाळीत सकाळी नळाला पाणी आलं की बायकांची भांडणं, पोरांच्या आंघोळी आणि कुकरच्या शिट्ट्या असं सगळं एकदमच सुरू होतं. त्या रविवारीही तसंच चाललं होतं. फक्त तानूबाईनं दार आतून लावून घेतलं होतं, आणि ती आपल्या थोरल्या मुलीला चालायला शिकवत होती.

थोरली म्हणजे सोनी. बावीस वर्षांची धडधाकट मुलगी, जवळच्याच राखोलीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पावसाळ्यात कारखान्यातली पाळी संपवून घरी येताना तिला टेम्पोनं उडवलं आणि उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडून त्याचे तुकडे तुकडे झाले. सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. हाडाच्या पोकळीतून वरपासून खालपर्यंत धातूचा दांडा घालून तो दोन्ही टोकांना स्क्रूनं बसवला. चाळीच्या भाषेत, सोनीला रॉड टाकला. तेव्हापासून ती वॉकर धरून, उजवा पाय नुसता टेकवत चालायची.

"वॉकर सोड," तानूबाई म्हणाली. "अन् पाय ओढू नको. सरळ टाक."

"आई, मांडीत लई ठणकू ऱ्हायलं."

"गोळी घेतली ना? मग ठणकू दे. पाहुण्यांसमोर अशी लचकत गेली तर रॉडवाली म्हणून जन्मभर घरात बसशील. अन् तुझ्यामागं गुड्डी हाय, तिले कोण करीन?"

धाकटी गुड्डी कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

तानूबाई कैदाशीण नव्हती हो. हीच बाई लेकीच्या खाटेखाली रुग्णालयाच्या फरशीवर झोपली होती, तिचं हगणंमुतणं हसत काढलं होतं. पण लेकीचा पाय आणि लोकांचं तोंड यांतलं एक निवडायची वेळ आली तेव्हा तिनं तोंड निवडलं. आपल्याकडे मुलगी पाहायला येतात तेव्हा तिला चालून दाखवावं लागतं. बैल बाजारात चालवून बघतात तसं. बैलाला निदान गिऱ्हाइकाला चहा नेऊन द्यावा लागत नाही!

आता सोनीचा बाप सुकदेव. शिरपूरकडचा माणूस, पंधरा वर्षांपासून सायलीतच तारेच्या कारखान्यात. रुग्णालयातून सोडताना डॉक्टर केदार यांनी त्याला आणि तानूबाईला समोर बसवून नीट समजावलं होतं.

"रॉड म्हणजे हाड नव्हे," डॉक्टर म्हणाले होते. "हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवणारा हा माणूस आहे. आणि हा माणूस थकतो. एका पायावर उभं राहिलं की मांडीवर आपल्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. तोही सरळ येत नाही, खुब्याकडून बाजूनं येतो. हात लांब करून भरलेली बादली धरून बघा, खांदा कसा भरून येतो. तसा प्रत्येक पावलाला रॉड केसभर वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. हिच्या हाडाचे मधे तुकडे आहेत, त्यामुळे सध्या सगळा भार एकट्या रॉडवर आहे. एक्स-रेत नवं हाड दिसेपर्यंत वॉकर सोडायचा नाही. उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही."

"पण साहेब, लोखंड हाय ना आत?" तानूबाईनं विचारलं होतं. "हाडापेक्षा पक्कंच ते."

"हाड स्वतःला दुरुस्त करतं, बाई. लोखंड करत नाही."

तानूबाईच्या डोक्यावरून ते गेलं. सुकदेवच्या नाही गेलं. पक्कड हाताशी नसली की कारखान्यात तार कशी तोडतात हे त्याला ठाऊक होतं. एकदा इकडे वाकवायची, एकदा तिकडे, की आपोआप तुटते. त्यानं डॉक्टरांसमोर मान हलवली होती. आणि आता, बायको बंद दाराआड लेकीला रोज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवायची तेव्हा, तो पानाच्या टपरीवर जाऊन उभा राहायचा. बायकांच्या कामात आपण कशाला पडा, असं तो स्वतःला सांगायचा. भित्र्या माणसाला सबब शोधायला लांब जावं लागत नाही.

पाहुण्यांना पुढची तारीख मागावी, तर ते कारण विचारणार. कारण सांगावं, तर स्थळ जाणार. म्हणून लेकीचं हाड जुळायची वाट न पाहता पाहुणे यायचा दिवस ठरला. मुलाचं नाव भावेश, वापीला नोकरी. घर नंदुरबारकडचं, शेतीवाडीचं. वॉकर शेजारणीच्या मोरीत लपवला. सोनीला दोन गोळ्या दिल्या, साडी नेसवली. दुखणं म्हणजे हाडानं मारलेली हाक असते. तिचं तोंड तानूबाईनं गोळ्यांनी दाबून टाकलं.

भावेशबरोबर त्याचे आईवडील होते, पण कारभार सगळा कावेरी फुईच्या हातात. फुई म्हणजे त्याची आत्या. तिनं चहा घेतला, नाव-शिक्षण विचारलं, मग म्हणाली, "चालून दाखव, पोरी. दारापर्यंत जा अन् ये."

सोनी गेली आणि आली. दातावर दात होते, पण पाऊल सरळ पडलं. तानूबाईच्या जिवात जीव आला.

"चाल चांगली हाय," फुई म्हणाली. "आता आमच्या घरची एक रीत हाय बरं का. नळावरून भरेल हंडा आणायचा, इथं उकिडवं बसून खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा अन् उठायचं. हात टेकायचा नाही. आमची सून शेतावर जाती, नाजूक बाई चालत नाही आमच्याकडं."

सोनीनं आईकडे पाहिलं. नंतर बापाकडे. सुकदेव फरशीकडे पाहत होता.

"जा ना," तानूबाई म्हणाली. "लाजती ती, बाकी काय नाही."

ती हंडा घेऊन आली. उकिडवी बसली, हंडा ठेवला. फुईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि तिनं तिथंच सोनीच्या ओटीत नारळ टाकला. "पोरगी पसंत हाय आम्हांले! उचल आता हंडा, अन् ऊठ."

सोनी उठायला लागली. अर्ध्यावर आली असेल, तोच खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल असा कट्ट आवाज झाला. हंडा आडवा झाला, पाणी पाहुण्यांच्या पायांपर्यंत गेलं आणि त्या पाण्यात सोनी पडली. तिची मांडी जिथं वाकायला नको तिथं वाकली होती. ती अशी ओरडली की नळावरचं भांडण थांबलं.

तानूबाईनं पहिलं काम केलं ते दार लावायचं. लोक ऐकतील म्हणून.

"काय झालं हिच्या पायाले?" फुईनं विचारलं. सोनीच कळवळत बोलली, "रॉड... रॉड हाय त्यात."

फुई खाली वाकली. भावेशला वाटलं, ती सोनीला धरणार. फुईनं पाण्यात पडलेला आपला नारळ उचलला, पदराला पुसला आणि पिशवीत टाकला. "देव पावला," ती म्हणाली. "लग्नाआधीच कळलं." तडफडणाऱ्या मुलीला ओलांडून पाहुणे निघून गेले. भावेश दारात क्षणभर थांबला होता, पण फुईनं हाक मारली तसा तोही गेला.

रुग्णालयात डॉक्टर केदार यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. रॉडचे दोन तुकडे झाले होते.

"बाथरूममध्ये पाय घसरला, साहेब," तानूबाई म्हणाली.

"एकदा घसरून असा तुटत नाही. हा रोज थोडा थोडा तुटत आलाय," डॉक्टर म्हणाले. "ही वॉकरशिवाय चालत होती?"

"मले चालवत होते," सोनी खाटेवरून म्हणाली. "पाहुण्यांले लचक दिसू नये म्हणून."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "ती लचक हाड जुळल्यावर आपोआप गेली असती, बाई. जरा धीर धरायचा होता."

तुटलेल्या रॉडचा खालचा तुकडा हाडातून ओढून काढताना पुष्कळ त्रास झाला. हाडाची मेलेली टोकं कापावी लागली, कमरेचं हाड काढून तिथं भरावं लागलं, नवा जाड रॉड घालावा लागला. हाड अखेर जुळलं. पाय मात्र दीड इंच आखूड झाला. जी लचक लपवायची होती ती आता मरेपर्यंत सोनीची झाली.

हे सगळं होऊनही माणसं शहाणी होतात असं नाही. वर्षा-दोन वर्षांनी गुड्डीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा तानूबाईनं सोनीला शेजारणीच्या खोलीत बसवलं आणि थोरली गावी गेलीय असं सांगितलं. सोनी पडली होती त्याच खोलीत चहा झाला, पेढे झाले. मुलाची आई गुड्डीला म्हणाली, "चालून दाखव, पोरी. दारापर्यंत."

गुड्डी उठायला गेली, तोच दार ढकलून सोनी आत आली.

"तू बस गं," ती बहिणीला म्हणाली. "चालणंच बघायचं ना मावशींना? माझं बघा."

एका बाजूची टाच उंच केलेली चप्पल तिनं दाराशी काढली आणि ती अनवाणी चालली. भिंतीपर्यंत गेली, परत आली. दर पावलाला तिचं अख्खं अंग उजवीकडे खचत होतं. पाहायला नको वाटावं असं ते चालणं होतं, आणि तिनं ते सावकाश केलं, सगळ्यांना दिसेल असं.

"अगं बाई! थोरलीला जन्मापासून असं आहे का?" मुलाची आई दचकून म्हणाली. "मग धाकटीला पण..."

"जन्माचं नाही, मावशी. याच फरशीवर पाहुण्यांना चालून दाखवलं, तेव्हाचं आहे."

"सोनी, मुकी बस!" तानूबाई ओरडली.

"बोलू दे तिले," सुकदेव म्हणाला. "रॉड तुटणार हे मले माहीत होतं. तारवाला माणूस मी. मले माहीत होतं अन् मी टपरीवर जाऊन उभा राहिलो."

तानूबाईनं तोंडाला पदर लावला. सोनी मुलाकडे वळली. तो हातातला अर्धा पेढा धरून बसला होता.

"आता यांना उठायला सांगा, मावशी," सोनी म्हणाली. "दारापर्यंत जाऊ द्या अन् येऊ द्या. आम्हीबी बघतो."

मुलगा आईकडे पाहू लागला. जन्मात त्याला कुणी असं उठायला सांगितलं नव्हतं. आई त्याला काही सांगेना, आणि तो जागचा हलेना. गुड्डीही उठली नाही. ती भिंतीला टेकून, मांडी घालून, पाहुण्यांसमोर तशीच बसून राहिली.