पहिला फर्मा

इंद्रभान मास्तरांचं पुस्तक पुण्यात छापायला जाऊन दीड वर्ष झालं होतं. पुस्तक कसलं, तर त्यांच्या आईच्या, सोजराबाईच्या तोंडच्या गोष्टी. बाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण गोष्ट सांगायला बसली की जळगाव जामोदची अख्खी आळी जागेवरून हलत नसे. पुस्तक अर्पण केलं होतं तिलाच. आता तिनं अंथरूण धरलं होतं, आणि तिच्या जितेपणी ते तिच्या हातात पडावं, एवढ्यातच मास्तरांचा जीव अडकला होता.

पण छापखान्याची तऱ्हाच न्यारी! सोळा पानांचा एक फर्मा, आणि पहिला फर्मा छापतात सगळ्यांत शेवटी. त्यात अर्पणाचं पान, त्यातच प्रस्तावना. प्रस्तावना लिहिणारे विद्वान आठ महिने लिहीतच होते. त्यांच्या नावाशिवाय पुस्तक खपत नाही, असं प्रकाशकाचं पत्र. घ्या! गोष्टी सोजराबाईच्या, अन् खोळंबा विद्वानांचा.

बाकीची प्रुफं मास्तर आईच्या खाटेशी बसून तपासत.

"हे टिपके काह्याचे रे बापा?"

"खोडलेला शब्द परत ठेवाचा असला का त्याच्याखाली टिपके द्याचे, माय."

"खोडलेलं वापस येते? मंग तुह्या बापाखाली दे दोन टिपके!"

दोघंही पोट धरून हसले होते.

अखेर पहिल्या फर्म्याचं प्रूफ आलं. अर्पणाच्या पानावर छापलं होतं, 'कै. सोजराबाई यांस'. सोबत चिठ्ठी: "आईच्या नावाआधी 'कै.' घालायचे आपल्याकडून राहिले होते. आमच्या खिळे जुळवणाऱ्याने आठवणीने घातले."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाल शाईनं त्यांनी ते 'कै.' कागद फाटेस्तोवर खोडलं आणि समासात लिहिलं, 'आई जिवंत आहे.' टपालाची मोटार निघून गेली होती, म्हणून प्रूफ कोनाड्यात ठेवलं.

सकाळी चहा घेऊन गेले, तर माय गेलेली होती.

मास्तर रडले नाहीत. "अहो, रडा ना जरासं," बायको, बनाबाई, म्हणाली.

पाचव्या दिवशी प्रकाशकाची तार आली: "प्रूफ पाठवा. फर्मा अडला आहे."

मास्तरांनी कोनाड्यातून प्रूफ काढलं, लाल शाईची दौत उघडली. समासातलं 'आई जिवंत आहे' एका रेघेनं खोडलं. मग खोडलेल्या 'कै.'खाली टिपके दिले. एक, दोन, तीन. शाई वाळेपर्यंत थांबले आणि प्रूफ टपालात टाकून आले.