सव्वीस डब्यांची भोकं

“सावकाश चढ. नायतर डोळा फोडून घेशील,” मालन खालून ओरडली.

सेलिना परेरा लोखंडी शिडी चढून चाळीच्या गच्चीवर आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने दहा दिवस शिडी बंद केली होती; तेवढे दिवस झाडांना पाणी खालच्या खोलीतली मालन घालत होती. तिने काळा चष्मा कपाळावर सरकवला. समोर तेलाचे सव्वीस डबे, डब्यागणिक मिरचीचं एक झाड. सगळ्या झाडांनी माना टाकल्या होत्या.

तिला आधी वाटलं, पाणी मिळालं नाही. मे महिना, नळ सकाळी चाळीस मिनिटं. पण डब्यांत तर पाणी काठोकाठ होतं.

सेलिनाने शाळेत एकतीस वर्षं आयाचं काम केलं. दुसऱ्यांची पोरं धुतली, पुसली. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते वर्षभरात बंद पडलं. दहिसर नदीकाठची आईची वाडी भावाने, रसेलने, विकली तेव्हा तिला कोणी विचारलं नाही. बहिणीला विचारतं कोण? तिथे आता बावीस मजले आहेत आणि त्यांच्या हिरवळीवर भर दुपारी टँकरचं पाणी उडतं. सेलिनाच्या वाट्याला आलं वाडीतल्या मिरचीचं बी. दरवर्षी ती ते डब्यांत लावायची. पिकून लाल झालेल्या मिरच्यांतलं पुढच्या सालासाठी बी धरायची, बाकीच्या मिरच्या उन्हाळी मसाल्यात जायच्या. गेल्या पावसात बियांच्या बरणीला बुरशी लागली. जे बरं दिसलं ते सगळं बी तिने पेरलं, मागे एक दाणा ठेवला नाही. सव्वीस रुजले.

तिने मातीत बोट घातलं. ते सरळ आत गेलं. बोटाला गटाराचा वास आला. तिने एक डबा तिरका केला आणि तळाला हात लावला.

“मालन, हे काय?”

“चिंध्या. त्याच्यावर पिशव्यांचे बोळे.” मालन धापा टाकत वर आली होती, पण आवाजात ऐट होती. “डबे गळत होते गो! मी वरून ओततेय नि खालून चाललंय. दोन दिवस बसून सगळी भोकं बुजवली. आता थेंब वाया जात नाय.”

“मी सांगितलेलं ना, खालून पाणी आलं की थांब?”

“आलंच नाय मग. म्हणून घालत राहिले.”

सेलिनाने डबा सरळ केला.

“माझ्या पिंपातलं घातलं हो,” मालन म्हणाली. “सून रोज बोंबलायची. झाडं पितायत आणि आम्ही काय बिनआंघोळीचे फिरू? मी म्हटलं, फिर एक दिवस, मरत नाहीस. सेलिनाची मिरची आहे ती.”

शाळेत एकतीस वर्षं सेलिनाने शिव्या गिळल्या होत्या. ही गिळायला वेळ लागला. ती डब्याडब्याशी वाकून पाहत गेली. सगळ्या मिरच्या हिरव्या, लुळ्या. हिरव्या मिरचीतलं बी रुजत नाही. कठड्याजवळच्या झाडावर एक टोकाला लाल झाली होती. तिने ती तोडून चिमटीत दाबली. आतून तपकिरी पाणी आलं आणि त्यात मऊ बिया.

“मेली काय गो?”

“मुळं कुजली.”

“माझ्यामुळे?”

“हो.”

मालन तापलेल्या गच्चीवर तशीच बसली. “मग घाल ना शिव्या. गप्प काय राहतेस? तीस वर्षांत कधी गप्प राहिलीस?”

“ऊठ, भाजशील. मी डबा धरते, तू चिंधी ओढ.”

पहिल्या डब्यातलं पिवळं पाणी गच्चीच्या उतारावरून कोपऱ्यातल्या पाइपाकडे गेलं. मग दुसऱ्यातलं. पाइप खाली मालनच्या दाराशी सुटत होता. पाचव्या डब्याला मालन अचानक उठली आणि शिडी उतरली. सेलिनाला वाटलं, रडायला गेली.

खाली पत्र्याची बादली आपटली. पाणी तिच्यात पडायला लागलं.

“सेलिना, संडासाला होईल गो हे!” मालन खालून ओरडली. “सोड तू, सावकाश सोड.”

सेलिनाने चष्मा डोळ्यांवर ओढला, सहावा डबा तिरका केला आणि बोळा काढला. खाली बादली भरेपर्यंत तिने पुढचा बोळा ओढला नाही.