बडबड्याच्या गाडीतला रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, पण माझ्याकडून गाण्यांची अपेक्षा धरू नका. गाणी आणि बातम्या ऐकवणारे रेडिओ वेगळे. मी बोलण्याचा रेडिओ. लोक मला सीबी म्हणत. माझ्या कुशीला गुंडाळीदार वायरने बांधलेला एक माईक होता. त्याचे बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. एका वेळी एकानेच बोलायचे, एवढाच माझा नियम. माणसांना तोच सगळ्यात अवघड जातो.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. आठवते ते अमेरिकेतल्या मोंटानामधल्या एका दुकानाच्या फळीपासून. तिथून वेल्डा नावाच्या बाईने मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच पिशवीतून घरी नेले. भावाला तिने स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी जागा दिली. मी जाणार होतो तिच्या नवऱ्याच्या पिकअप गाडीत.

तिचा नवरा ओरिन. उभा जन्म गुरांमागे काढलेला माणूस. आदल्या वर्षी त्याच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. कुजबुजसुद्धा उरली नाही. गळ्याला पडलेले भोक तो रुमालाने झाकून घेई आणि त्यातूनच श्वास घेई. बाकी हातपाय धडधाकट होते. गाडीत वाळल्या गवताच्या गाठी भरायच्या आणि दूरच्या कुरणातल्या गायींना नेऊन घालायच्या, हे त्याचे रोजचे काम. पण वेल्डा त्याला एकट्याला सोडत नसे.

"बर्फात कुठं अडकलास तर हाक कशी मारशील?" ती विचारी.

मग ती दुखरे गुडघे धरून त्याच्या शेजारी चढून बसे आणि ओरिन आपल्याच गाडीत पाहुण्यासारखा अवघडून गाडी चालवी.

मला बसवायला ओरिनचा धाकटा भाऊ गस आला. त्याने डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टी ठोकून मला तिच्यात अडकवले. माझी लाल वायर रबरी बुचातून बॉनेटखाली नेली, मध्ये फ्यूज घातला आणि टोक थेट बॅटरीला जोडले. "इंजिन बंद असलं तरी हा जागा राहील," तो म्हणाला. काळी वायर त्याने गाडीच्या पत्र्याला घट्ट आवळली. आता उरला अँटेना. गस ड्रिल घेऊन टपावर चढणार, तोच ओरिन आडवा आला.

ती गाडी आकाशी रंगाची होती. ओरिनने कोरी घेतलेली. दर रविवारी चर्चहून आला की तो तिला मऊ फडक्याने पुसे. तिला भोक पाडायचे म्हणजे काय?

"बरं बाबा, मागच्या हौद्याच्या कडेला लावतो," गस म्हणाला. "लग्नात बायकोकडे एवढं बघितलं नव्हतंस."

अँटेना हौद्याच्या कडेला लागला. ओरिनने मला सुरू केले आणि वेल्डाचा आवाज माझ्यातून खणखणीत आला. "ओरिन, ऐकतोयस? ऐकत असशील तर बटण दाब." ओरिनने दाबले. पुन्हा दाबले. तिकडून तेच, "ओरिन, दाब की रे." तिचे सगळे इकडे येत होते, इकडचे काही तिकडे पोचत नव्हते. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

गसने मीटर लावला. काटा भलतीकडेच गेला. "अर्थिंग मिळत नाही," तो म्हणाला. "अँटेनाच्या पट्टीखाली रंग आहे. रंगातून वीज जात नाही. तेवढा खरवडायला हवा."

ओरिनने त्या जागेवर पंजा ठेवला आणि मान हलवली.

वेल्डा ओल्या हातांनी बाहेर आली. तिने काय चालले आहे ते ऐकून घेतले. "ठेव रंग," ती शांतपणे म्हणाली. "मी येते रोज बरोबर. गवत टाकायला तू, गप्पा मारायला मी."

ओरिन थोडा वेळ गाडीकडे बघत राहिला. मग त्याने खिशातला चाकू काढला आणि स्वतःच्या हाताने पाव डॉलरच्या नाण्याएवढा रंग खरवडला. खालचे लोखंड चकाकले. गसने पट्टी पुन्हा आवळली आणि वेल्डा आत गेली. ओरिनने बटण दाबले आणि स्वयंपाकघरात माझ्या भावाची खरखर क्षणभर थांबली. टिक.

वेल्डाला ती शांतता ऐकू आली. "एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही," तिने ठरवून टाकले. "आता सांग, मी बरोबर येऊ?"

टिक टिक.

ती किती हसली ते मला तिच्या माईकमधून ऐकू आले.

त्या खोऱ्यातली सगळी माणसे एकाच चॅनलवर बोलत. कुणी स्वतःचे नाव सांगत नसे, टोपणनावे चालत. वेल्डा होती चोकचेरी, कारण त्या नावाच्या रानफळांची जेली तिच्यासारखी कुणाला जमत नसे. लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रकवाला लाइल होता लंगडा कोल्हा. पहिल्याच आठवड्यात तो वैतागला. "कोण माईकवर बसलंय? सकाळपासून टिकटिक, टिकटिक."

"माझा नवरा बोलतोय," वेल्डा म्हणाली. "काही अडचण?"

लाइल लगेच नरमला. "नाही चोकचेरी, अडचण कसली. पण फारच बडबड्या दिसतो तुझा नवरा."

तेव्हापासून ओरिन खोऱ्याचा बडबड्या झाला. लोक त्याला मुद्दाम प्रश्न विचारू लागले. थंडी फार आहे का? टिक. गसची कॉफी पिण्यालायक असते का? टिक टिक. वर्षभर गप्प असलेला माणूस गाडीत बसून खांदे हलवत हसू लागला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात सुखाचा काळ.

मग फेब्रुवारीतली ती दुपार आली. एक गाय कळप सोडून आडबाजूला व्याली होती. ओरिनने ओले वासरू उचलून गाडीत घेतले आणि माझ्या खाली, गरम हवेसमोर ठेवले. परतताना वारा सुटला. उडणाऱ्या बर्फात रस्त्याची कड दिसेना. गाडी घसरली आणि एका अंगावर कलून खड्ड्यात बसली. धूर सोडणारी नळी बर्फात रुतली, तेव्हा धूर आत साचू नये म्हणून ओरिनने इंजिन बंद केले. गरम हवा थांबली. तसल्या वाऱ्यात, गळ्याला भोक असताना, पायी निघणे म्हणजे मरणच. त्याने माझे बटण दाबले. पुन्हा पुन्हा दाबले.

"ओरिन? गाडी अडकली?" वेल्डाने विचारले.

टिक.

"कुठं?"

याला हो किंवा नाही कसे म्हणणार? तेवढ्यात सगळे खोरे बोलायला लागले. गस म्हणाला, मी निघतो. कुणी म्हणाले, पुलाकडे बघा. लाइल म्हणाला, मी पलीकडून येतो. सगळी भली माणसे, सगळी एकाच वेळी बोलत होती. ओरिनचा अंगठा माझे बटण दाबत होता आणि त्या गलक्यात ते कुणाला ऐकू जात नव्हते. त्याची बोटे गारठू लागली होती.

"गप्प बसा सगळे," वेल्डा म्हणाली. "बोलणारा तो आहे. आपण नाही."

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात ते चॅनल तसे कधी गप्प झाले नव्हते. कितीतरी घरांत, कितीतरी गाड्यांत माणसे माईक हातात धरून बसली होती आणि कुणी बटण दाबत नव्हते.

"मोठ्या कुरणात आहेस?" ती थांबली.

टिक टिक.

"नाल्याच्या बाजूला?"

टिक.

"पुलाच्या अलीकडे?"

या वेळी उत्तर यायला फार वेळ लागला. ओरिनच्या हातातून माईक निसटला होता. तो शोधत होता. वेल्डाने दुसरा प्रश्न विचारला नाही. गसने तोंड उघडले नाही. खरखर चालूच राहिली, आणि मग थांबली.

टिक.

"गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपाशी?"

टिक.

लाइलचा ट्रक सगळ्यात जवळ होता. त्याने दार ओढून उघडले तेव्हा ओरिन वासराला कोटात घेऊन बसला होता. दोघांनी एकमेकांना ऊब दिली होती. लाइलने माझा माईक उचलला. "चोकचेरी, बडबड्या सापडला. पण हा लबाड आहे. दोघं आहेत हे बोलला नाही."

मग वेल्डा म्हणाली, "दोघांनाही घरी आण."

संध्याकाळी गसने तिला सुनावले, "वहिनी, आता तरी त्याला एकट्याला सोडू नको."

"का?" वेल्डा म्हणाली. "अडकला, तर हाक मारली. आणखी काय करायचं माणसानं?"

दोन दिवसांनी वारा पडला. ओरिनने गाडीत गवत भरले. वेल्डा दारात उभी राहिली, पण गाडीत चढली नाही.

या गोष्टीला फार वर्षे झाली. ओरिन गेला, त्याच्या मागून वेल्डाही गेली. आज मी गसच्या नातीच्या शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडून आहे. उंदरांनी माझी वायर कुरतडली आहे. माझ्यावरची धूळ कुणी पुसली तर मला आवडेल, पण तेवढ्यासाठी मी तुम्हाला हे सांगत बसलो नाही. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी असे कुणीतरी असेल ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. त्याला प्रश्न विचारलात, तर लगेच दुसरा विचारू नका, आणि उत्तर तुम्हीच देऊन टाकू नका. जरा थांबा. कदाचित तो माईक शोधत असेल.