चाकाखालची पाचर

मित्रांनो, जरा टेकू द्या मला. तसा मी टेकलेलाच आहे म्हणा, पण ही दमणूक काही बसून जाणारी नाही. मी रेल्वेच्या गँगचा राहता डबा, आता पार म्हातारा झालेला. कझाकांच्या माळावर जिथे रूळ वाकला, खडी सरकली, स्लीपर कुजला, तिथे मला ओढत न्यायचं, बाजूच्या मार्गावर उभं करायचं आणि काम संपलं की पुन्हा ओढायचं. चौतीस वर्षं हेच चाललंय. एकाच जागी दोन हिवाळे काढल्याचं मला आठवत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा हिरवागार होतो. आत निजायला आठ फळ्या, मधोमध लोखंडी शेगडी, कोपऱ्यात चहाचं पाणी उकळणारा समोवर. थंडीत काकडलेले गँगमन आत शिरले की म्हणायचे, "घरी नाही बाबा एवढी ऊब!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे रंग उडाला, छप्पर गळू लागलं. दाराची कडी अशी अडकते की खाली जमिनीवर उभं राहून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. हातब्रेकचं चाक दोन वर्षं नुसतंच गरगर फिरतंय. वर कळवलं होतं हो! "बघू" म्हणाले. अजून बघतायत.

म्हणजे मला धरून ठेवायला उरली फक्त चाकाखालची लोखंडी पाचर. तिची काळजी मुकादम घ्यायचा. त्याचं नाव ओरिनबासार, पण मानाने सगळे त्याला ओरेके म्हणत. सव्वीस वर्षं तो माझ्यात राहिला. गुडघे कामातून गेलेले, माझ्या तीन पायऱ्या चढताना तीनदा कण्हायचा. तरी रोज जेवणाआधी खाली उतरून पाचरेला लाथ मारून बघायचा. "आधी पाचर, मग घास," असं तो म्हणायचा, आणि पोरं त्याच्या मागे त्याची नक्कल करायची.

गेल्या उन्हाळ्यात खिंडीजवळच्या कामावर आमची स्वयंपाकीण काम्शात आपा नातीला घेऊन आली होती. नात झिबेक, तेरा महिन्यांची. एके सकाळी माझ्या पायऱ्यांपासून शेगडीपर्यंत ती आपली आपण चालली. झालं! आपाने लगेच दोरी कापायचं ठरवलं. लेकरू चालायला लागलं की त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, पांढऱ्या कापडावर उभं करायचं आणि एखाद्या चपळ माणसाने ती कापायची. म्हणजे लेकरू त्याच्यासारखं चपळ होतं.

"दोरी ओरेके कापतील," आपा म्हणाली.

जॅक चालवणारा तोलेगेन खो खो हसला. "आपा, काय वैर आहे का नातीशी? अहो, यांना समोवरपर्यंत जायला अर्धा दिवस लागतो! पोर गोगलगाय होईल."

"तू कापलीस तर जेवणाच्या वेळेलाच तेवढी धावेल," आपा फणकारली. "चपळ पुष्कळ आहेत रे. सव्वीस वर्षांत ज्याच्या गँगमधला एकही माणूस गाडीखाली आला नाही असा दुसरा दाखव मला!"

ओरेकेचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

दुपारी रुळाशेजारी कापड अंथरलं. वारा तर असा की टोपी टिकेना. एका कोपऱ्यावर घण ठेवला, दुसऱ्यावर जॅक, तिसऱ्यावर मोठा पाना. चौथा कोपरा फडफडत राहिला. झिबेकचे पाय बांधलेले, ती रडायला आलेली. ओरेकेने इकडेतिकडे पाहिलं, वाकला आणि माझ्या चाकाखालची पाचर काढून त्या कोपऱ्यावर ठेवली. "दोन मिनिटांचं तर काम," असं तो स्वतःशीच पुटपुटला.

ओरेकेने दोरी कापली. झिबेक सात पावलं चालली आणि आठव्याला त्याच्याच अंगावर पडली. काय हशा, काय टाळ्या! मग सगळे वारा चुकवत स्लीपरच्या ढिगाआड बाउरसाक, म्हणजे तळलेले गरम पिठाचे गोळे, खायला बसले. आपाने पेंगुळलेल्या नातीला माझ्या खालच्या फळीवर निजवलं, दार ओढून घेतलं आणि चहा ओतायला गेली. पाचर कापडावरच राहिली.

मित्रांनो, देवाशपथ सांगतो, मला हलायचं नव्हतं. जन्मभर ओढून ओढून जीव नकोसा झालेला मी, मला कुठे जायचं होतं? पण वाऱ्याने पाठीत असा रेटा दिला की चाकं कुरकुरली. पुढे उतार होता. उतारापुढे दोन मार्ग जुळतात तो सांधा आणि सांध्यापलीकडे मुख्य मार्ग. लांबून मालगाडीची शिट्टी ऐकू आली.

माझी कुरकुर ओरेकेने ओळखली. "पाचर!" तो ओरडला.

तोलेगेन धावत येऊन दाराला लोंबकळला. कडी उघडेना, धावत्या डब्याला लाथ घालता येईना. आपा "झिबेक! झिबेक!" करत ठेचकाळत मागे येत होती. मी आतल्या लेकराकडे बघत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. असा असहाय मी कधीच नव्हतो.

आणि ओरेके धावला! पाचर छातीशी धरून, फेंगडे पाय टाकत, कण्हत तो माझ्या पुढे गेला, गुडघ्यांवर कोसळला आणि चाक वीतभर अंतरावर असताना त्याने पाचर रुळावर ठेवली. ठिणग्या उडाल्या. मी किंचाळत घसरलो आणि थांबलो. सांधा बारा पावलांवर होता. समोरून मालगाडी धडधडत निघून गेली.

झिबेक जागीसुद्धा झाली नव्हती.

आपाने आधी ओरेकेच्या पाठीत दोन बुक्क्या घातल्या. "तुम्हीच काढलीत ना ती! तुम्हीच!" मग त्याच पाठीवर डोकं टेकून ती ढसाढसा रडली.

"ओरेके," तोलेगेन धापा टाकत म्हणाला, "पोरगी वाऱ्यासारखी धावणार बघा."

ओरेके हसला नाही. "वर कळवताना माझंच नाव लिही," तो म्हणाला. "पाचर मी काढली."

त्या शरद ऋतूत त्याने काम सोडलं. जायच्या दिवशी आपाकडून ती कापलेली दोरी मागून घेतली, कण्हत खाली वाकला आणि पाचरेच्या कड्यात घट्ट बांधली.

माझ्या चाकावर हात ठेवून तो म्हणाला, "तिचे पाय सुटलेले बरे. तुझे बांधलेले बरे रे बाबा."

आता नवी गँग आली आहे. त्यांना पाचरेची ही दोरी कशाची ते ठाऊक नाही. मित्रांनो, तुम्ही कधी इकडे आलात तर त्यांना एवढं सांगा. माझी कडी नीट करा, ब्रेक नीट करा, जमलं तर छपराचंही बघा. आणि कितीही आनंदाचा दिवस असो, वारा कितीही कापड उडवो, ती पाचर तेवढी उचलू नका.