तिसऱ्या हाकेची वाट

मित्रांनो, आकुर्डीतल्या एका लहानशा खोलीत मी बावीस वर्षे उभी आहे. मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझा हिरवा रंग बराच उडाला आहे. डावा पाय थोडा आखूड आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवलेली असते. मी काही जग पाहिलेले नाही. पण या खोलीत मी एक गोष्ट पाहिली, तिचे नवल मला अजून वाटते.

भोसरीतल्या एका शेडमध्ये मी तयार झाले. उद्धवरावांचे तेव्हा नवे लग्न झाले होते. त्यांनी मला टेम्पोत घालून घरी आणले. विजयश्रीबाईंनी मला हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, ही कुरकुरते."

"कुरकुरू दे," उद्धवराव म्हणाले. "तुला जोडीदारीण झाली."

उद्धवराव चाकणच्या एका कारखान्यात पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसवर काम करतात. तिसरी, म्हणजे रात्रीची पाळी असली की सकाळी आठला कंपनीची बस त्यांना सोडते. सगळे जग कामाला निघते तेव्हा ते माझ्यावर आडवे होतात. मग विजयश्रीबाई खिडकीला जाड चादर बांधायच्या आणि शिट्टीने त्यांची झोप मोडू नये म्हणून कुकर शेजारणीच्या गॅसवर नेऊन लावायच्या. दुपारी चारला त्या एकच वाक्य बोलायच्या, "अहो, चहा ठेवलाय." तेवढ्यावर उद्धवराव उठायचे.

माणूस झोपला की खाटेला लगेच कळते. जागा माणूस स्वतःचे थोडे वजन स्वतःच धरून ठेवतो. झोप आली की तो ते सोडून देतो, आणि सगळा भार माझ्यावर येतो. मला तो भार कधी जड वाटला नाही.

मागच्या वर्षी विजयश्रीबाई आजारी पडल्या आणि दीड महिन्यात गेल्या. माझी भिंतीकडची बाजू रिकामी झाली. उद्धवराव आजही त्या बाजूला सरकत नाहीत.

काही दिवसांनी एक विचित्र गोष्ट घडू लागली. सकाळी उद्धवराव झोपायचे, त्यांचे वजन सुटत यायचे, आणि तेवढ्यात ते दचकून उठायचे. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जायचे, गॅसला हात लावून पाहायचे आणि परत येऊन बसायचे. मला काही कळेना.

मग बीडहून त्यांची थोरली बहीण तानुबाई आली. तिला त्यांनी सांगितले, "आक्का, डोळा लागला की विजयश्रीची हाक येते. चहा ठेवलाय म्हणते. अगदी तिचाच आवाज. जाऊन बघतो तर गॅस थंडगार."

तानुबाईने कपाळाला हात लावला. "उद्धवा, एका हाकंला ओ देऊ नको बाबा! जित्या माणसाची हाक तीनदा येती. तिसरी आली तरच ओ दे."

तिच्या मनात माया होती. पण त्या दिवसापासून उद्धवराव वाट पाहू लागले. हाक यायची ती एकदाच. मग ते डोळे मिटून, श्वास धरून दुसरीची वाट पाहायचे. दुसरी यायची नाही. चारचा सुमार व्हायचा आणि ते तसेच पडलेले असायचे. वीस दिवस त्यांचे वजन पुरते माझ्यावर आले नाही.

मित्रांनो, मी लोखंड आहे. खोलीत कुणी वाटी आपटली तरी माझ्या पट्ट्यांना कंप जातो. त्या हाकेच्या वेळी मला कंप आला नाही, एकदाही नाही. खोलीत कुणीच बोलले नव्हते, तरी त्यांनी तो आवाज जसाच्या तसा ऐकला होता. माणसाच्या डोक्यात एवढी जागा असते? गेलेल्या माणसाचा आवाज तिथे न गंजता राहतो? मी तर बावीस वर्षांत चार ठिकाणी गंजले.

एका सकाळी त्यांच्यासोबत सुजित आला. तो त्यांच्या शेजारच्या प्रेसवर काम करतो. माझ्या कडेला बसून त्याने एक फाटलेला हातमोजा समोर धरला.

"बघा, राव. आज हा साच्यात गेला. डुलकी लागली होती तुम्हाला. हात मागे यायला थोडा उशीर झाला असता तर? काय चाललंय तुमचं?"

उद्धवरावांनी सगळे सांगितले आणि म्हणाले, "मला वेड लागतंय, सुजित."

सुजित हसला. "अहो, मलाही येते हाक! झोप लागता लागता आमचा सुपरवायझर कानात बोलतो, 'सुजित, पीस मोज.' तुम्हाला निदान चहा तरी मिळतो."

"किती वेळा बोलतो?"

"एकदाच. आणि तो तर चांगला धडधाकट जिवंत आहे, राव!"

उद्धवराव त्याच्याकडे पाहतच राहिले. किती दिवसांनी ते हसले, आणि हसता हसता रडले. मी कुरकुरले, पण दोघांनीही लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सुजित त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. परत आल्यावर उद्धवरावांनी बीडला परतलेल्या तानुबाईला फोनवर डॉक्टरीणबाईंचे सगळे म्हणणे सांगितले. झोप येताना मेंदूचा एक भाग आधीच स्वप्न पाहू लागतो. पुष्कळ धडधाकट माणसांना तेव्हा हाका ऐकू येतात. दुःख असले, झोप अपुरी झाली, की जास्त येतात. हे वेड नव्हे. पूर्ण जागेपणी आवाज आले किंवा काही कर म्हणू लागले, तर मात्र लगेच दाखवायला यायचे. झोपायची वेळ एकच ठेवायची, पाळी सुटताना चहा घ्यायचा नाही. सुजितने कंपनीत सांगून काही दिवस त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगच्या कामाला लावून घेतले होते.

मग एका सकाळी उद्धवरावांनी खिडकीला चादर बांधली. माझ्या पायाखालची घडी नीट केली आणि आडवे झाले. वजन सुटू लागले. मग पाठ एकदम ताठ झाली. मला कळले, हाक आली.

मी वाट पाहिली. त्यांनी पाहिली नाही.

"ओ," ते हळूच म्हणाले. "उठल्यावर घेतो."

आणि त्यांचा सगळा भार माझ्यावर आला.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या खाटेचा पाय हलत असेल तर त्याखाली घडी घाला. आणि झोपेच्या काठावर कुणाची हाक आली, भीती वाटली, तर एकटे वाट पाहत पडू नका. शेजारी बसेल अशा कुणाला तरी सांगा.

उद्धवराव दुपारी चारला उठले. ओट्यापाशी गेले आणि त्यांनी स्वतः चहा ठेवला.